पाणी प्या, आता पुन्हा सांगा

४ फेब्रुवारी

घुम्या,

आशीर्वाद, खुशाली वगैरे पत्राच्या शेवटी, जागा उरली तर. आधी भांडण.

काल सचिवकाका आले होते. आईची सचिवगिरी संपली, आता काखेत स्मारक समितीची फाइल आणि चेहऱ्यावर ते सभेतलं हसू. म्हणाले, "धाकट्याने होकार कळवलाय. आता तुझी सही झाली की काम फत्ते." मी म्हटलं, "कसला होकार?" तर म्हणे आईचं घर स्मारकाला द्यायला तू तयार आहेस. अरे, मला विचारलंस? घर तिने दोघांच्या नावावर केलं ते कशासाठी? आईचं नाव काढलेलं तुला चालत नाही. फोनवर तिचा विषय निघाला की "आवाज येत नाहीये" म्हणून ठेवून देतोस. आणि तिचं घर मात्र परस्पर देऊन मोकळा होतोस! म्हणून हे पत्र. पत्र मधेच बंद करता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

समितीने काय ठरवलंय ते ऐक. बाहेरच्या खोलीत फोटो. आतल्या खोलीत तिचे चष्मे, पेनं आणि ती भयंकर तपकिरी शाल. स्वयंपाकघरात तिकिटांची खिडकी. आणि अंगणातला बाक उचलून घरात आणायचा, मधोमध, काचेच्या पेटीत. पेटीला बटण. बटण दाबलं की आईचा आवाज येणार, "पाणी प्या. आता पुन्हा सांगा."

बाक काचेत, घुम्या!

तुला त्या बाकाची आठवण करून द्यायला नको. तुझं अर्धं लहानपण त्याच्याकडे रागाने बघण्यात गेलंय. सकाळी दार उघडलं की आई डाव्या टोकाला बसायची आणि येईल तो शेजारी. समोर उभं राहून बोलायला कुणालाच परवानगी नव्हती. "समोर उभं राहिलं की माणूस अर्ज करतो, शेजारी बसलं की बोलतो," असं ती म्हणायची. पंतप्रधान झाली तेव्हा सुरक्षावाल्यांनी बाकाभोवती दोरी बांधली होती. तिने त्या दोरीवर टॉवेल वाळत घातले. दोन दिवसांत त्यांनीच लाजून ती काढली.

आणि आपण दोघंही त्याच रांगेत. मला सहलीला जायची परवानगी हवी होती तेव्हा एका खासदाराच्या मागे बसून राहिले होते मी, शाळेचा गणवेश घालून. तो खासदार पण काय, मला म्हणाला, "ताई, तुमची घाई असेल तर पुढे व्हा." आई म्हणाली, "ती थांबेल."

आता मुद्दा असा की लोक अजून येतात. तू आला नाहीस म्हणून तुला माहीत नाही. (टोमणा आहे. लागू दे.) आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी तिची कपाटं आवरायला गेले तर अंगणात माणसं बसलेली. मी म्हटलं, "अहो, बाई गेल्या. सगळ्या देशाला कळलंय, तुम्हाला नाही का कळलं?" एक बाई म्हणाली, "कळलंय की. पण बाक आहे ना?" आणि ती सरकून बसली. डावं टोक रिकामं ठेवून.

मी काय करणार होते? मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघते, पण त्यांना बोलू देत नाही. तरी बसले. तांब्याभर पाणी आणलं आणि बसले. तेव्हापासून रोज दवाखान्याआधी बसते. माझ्याकडे पद नाही, शिक्का नाही, लाल दिवा नाही. तरी लोक सांगतात, पाणी पितात, पुन्हा सांगतात आणि बऱ्याच जणांचं काम तेवढ्यानेच होतं. उरलेल्यांसाठी मी फोन करते, भांडते, त्यांच्यासोबत कचेरीत जाऊन बसते.

तेव्हा तू समितीला कळव की सही करणार नाहीस. एवढंच काम आहे तुझं. बाक मी कुणालाही देणार नाही, ही काळ्या दगडावरची रेघ समज.

जागा उरली आहे, म्हणून खुशाली. तुझे भाऊजी बरे आहेत. त्यांनी पुन्हा तबला सुरू केलाय. शेजारी बरे नाहीत.

तुझी ताई


२६ फेब्रुवारी

घुम्या,

तुझं कार्ड पोचलं. समोर कुठल्याशा गगनचुंबी इमारतीचं चित्र (लिफ्ट तूच बसवली असणार) आणि मागे एक ओळ. "बाक म्हणजे लाकूड. मी सही करणार."

तुझं नाव घुम्या मीच ठेवलं होतं. त्याचा मला आज पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. नाव ठेवताना थोडं जपून ठेवावं, माणूस त्याला जागतो.

लाकूड तर लाकूड. पण कुठलं लाकूड ते विसरलास का? टेलिफोन एक्स्चेंजच्या वऱ्हांड्यातला बाक तो. आई ट्रंक कॉल जोडून द्यायची तेव्हाचा. लोक तिथे बसून आपला कॉल लागायची वाट बघायचे. आणि नंबर सांगताना इतके घाबरलेले असायचे, कुणाचा बाप अत्यवस्थ, कुणाची बायको माहेरी गेलेली, की पहिल्या झटक्यात सांगितलेला नंबर हमखास चुकायचा. म्हणून आईने आपली पद्धत काढली. पहिल्यांदा ऐकायचं आणि लिहायचं नाही. पाणी द्यायचं. मग म्हणायचं, आता पुन्हा सांगा. दुसऱ्या खेपेला सांगितलेला नंबर ती जोडायची. "पहिल्यांदा माणूस घाबरलेला सांगतो, दुसऱ्यांदा माणूस सांगतो," हे तिचं वाक्य पुढे संसदेतही गाजलं. पण ते तिला संसदेत सुचलं नव्हतं. कानाला हेडफोन लावून बसलेल्या एका ऑपरेटरला सुचलं होतं.

आईने ऑपरेटर मुलींचा संप पुकारला तो ह्याच बाकावर बसून. ती निवडून आली तेव्हा एक्स्चेंज मोडीत निघत होतं, यंत्रं आली होती. तिने सामानातलं एवढंच मागून घेतलं. म्हणजे पदाआधी बाक आहे, घुम्या. समिती म्हणते तुम्हाला पद नाही, तुम्ही कोणत्या अधिकाराने बसता? मी म्हटलं, आई बसायला लागली तेव्हा ती कोण होती?

गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगते. एक आजोबा आले. भयंकर संतापले होते. बस थांबा हलवला म्हणून. परिवहनवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला त्यांनी. थांबा किती लांब गेला, कुणाच्या दुकानासाठी गेला, कोण कोणाचा मेहुणा, सगळं. मी ऐकलं. पाणी दिलं. म्हटलं, "आता पुन्हा सांगा." त्यांनी पेला रिकामा करून बाकावर ठेवला. मग म्हणाले, "जुन्या थांब्यावर एकच बस यायची. जी येईल ती आपली. नव्या थांब्यावर चार येतात." मी म्हटलं, "मग?" म्हणाले, "मला नंबर दिसत नाही. बायकोला उपचारांना घेऊन जातो मी. तिला वाटतं ह्यांच्या भरवशावर आपण चाललोय. तिला कसं सांगू?"

त्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू आहे, निघेल. थांब्याचंही बघतेय, तो मेहुणा खरोखरच मेहुणा निघाला. पण मला सांग, काचेतल्या बाकावर ते आजोबा कुठे बसले असते? बटण दाबून आईचा आवाज ऐकून घरी गेले असते.

तुला हे सगळं ऐकायचं नाहीये, मला माहीत आहे. तुला वाटतं ह्या बाकावर तिने सगळ्या जगाचं ऐकलं आणि तुझं ऐकलं नाही. ते आपण एकदा बोलणार आहोत. पण आज मी चिडलेली आहे, आज नको.

सही करू नकोस. ह्या वेळी विनंती समज. मी तुला विनंती केल्याचं आठवतंय का कधी? मलाही नाही.

ताई


१९ मार्च

घुम्या,

बस आधी. लिफ्टमधे उभा राहून वाचत असशील तर खाली ये.

मी सही करणार आहे.

तू हसत असशील तर हसून घे. काळ्या दगडावरची रेघ पुसली, असं म्हण. मी कारण सांगते, मग ठरव.

सोमवारी सकाळी सचिवकाका आले. नेहमीसारखे दारातून हाक मारत घरात शिरले नाहीत. बाकावरच्या रांगेत बसले. त्यांच्या पुढे एक रिक्षावाला होता आणि एक नर्स. दोघांचं होईपर्यंत काका फाइल मांडीवर ठेवून बसले. आयुष्यभर त्या रांगेचा नंबर लावणारा माणूस पहिल्यांदा स्वतः रांगेत बसला होता. मला हसू येत होतं आणि कसंसंही होत होतं.

त्यांचा नंबर आला. शेजारी बसले आणि सुरू झाले. "बाळ, हट्ट सोड. बाई काही तुझ्या एकटीच्या नव्हत्या. देशाच्या होत्या. उद्या तू थकशील, मी तर थकलोच आहे. मग कोण बसणार इथे? बाक उन्हापावसात कुजेल. पुढच्या पिढ्यांना काय दाखवायचं? ज्यांनी बाईंना पाडलं त्यांचे पुतळे उभे राहिले चौकाचौकात आणि आपल्याकडे एक खोली नाही. मंत्री विचारतात मला, निधी परत जातोय. लोक म्हणतात, सचिव एवढा जवळचा होता, त्याला एक स्मारक करता आलं नाही." आवाज चढत गेला. त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. मला शाळेत सोडायला यायचे तेव्हा रस्ता ओलांडताना माझं बोट त्यांच्या हातात असायचं.

मी पाणी दिलं. सवयीने म्हटलं, "आता पुन्हा सांगा."

त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं! आईला जाऊन वर्ष होत आलं, आणि एवढ्या दिवसांत हे शब्द त्यांना कुणी म्हटले नसणार. त्यांनी पाणी प्यायलं, अगदी तळापर्यंत. रुमालाने ओठ पुसले. आणि म्हणाले, "सकाळी उठतो. दाढी करतो. कपडे करून बूट घालतो. मग बूट घालून खुर्चीत बसतो. कुठे जायचं ते कळत नाही गं."

एवढंच.

मी त्यांचा हात धरून बसले. मागे रांगेतल्या माणसांनी माना दुसरीकडे वळवल्या. आपल्याकडच्या लोकांना एरवी काही कळत नसेल, पण कुठे बघू नये ते बरोबर कळतं.

मग मी विचार केला, घुम्या. मी एवढे दिवस काकांशी भांडले, समितीशी भांडले, तुझ्याशी भांडले, आणि रोज सकाळी दुसऱ्यांना "पुन्हा सांगा" म्हणत राहिले. बाक गेला की सकाळ जाणार, असं मी धरून बसले होते. तू लिहिलंस ते लाकूडवालं वाक्य मला फार लागलं होतं, कारण ते खरं होतं. आईने एक्स्चेंजमधे सुरुवात केली तेव्हा तो बाक काही पवित्र नव्हता. तिथे होता म्हणून ती त्यावर बसली.

माझ्याही दवाखान्यात बाक आहे की. लाल रेक्झिनचा, एका बाजूने बसलेला, पेशंटच्या नखांनी उसवलेला. तोच उचलून बाहेर पायरीशेजारी ठेवायचा. घर काकांना देऊन टाकायचं. त्यांना बूट घालून जायला जागा हवी आहे, ती त्या घरात आहे. ते तिथे काय राखतील ते राखोत. सकाळ मी माझ्याकडे घेते.

काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तू थट्टा करतेस." मी म्हटलं, "थट्टा नाही. पण माझी एक अट आहे. ती मान्य केलीत तरच सही." अट ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "पक्ष मानणार नाही." मी म्हटलं, "मग पक्षाला इथे रांगेत बसायला सांगा."

अट काय आहे ते तुला पुढच्या पत्रात लिहीन. ती तुझ्याशी संबंधित आहे, आणि मला ती चिडून लिहायची नाही. तू अजून सही पाठवली नसशील तर थांबव. एकदम पाठवू नकोस, माझं पुढचं पत्र वाचून मग पाठव.

ताई

ता. क. भाऊजी विचारतात, दवाखान्यासमोर लोक तक्रारी सांगत असताना ते आत तबला वाजवू शकतात का. मी नाही म्हटलंय.


११ एप्रिल

घुम्या,

पक्षाने अट मानली. काकांनी मानायला लावली. अध्यक्ष म्हणाले होते, "गोदीचा विषय भिंतीवर कशाला? लोक विसरलेत." काका म्हणाले, "मी विसरलो नाही," आणि समितीचा राजीनामा टेबलावर ठेवला. मग धावाधाव झाली. म्हाताऱ्यात अजून दम आहे.

आता नीट वाच. मी पाणी पिऊन लिहितेय.

समितीने स्मारकाच्या पाट्यांवर आईचं आयुष्य लिहिलं होतं. ऑपरेटर, संप, खासदार, पंतप्रधान, शाळा, दवाखाने, पाणी. आणि मग एकदम "प्रकृतीच्या कारणास्तव सार्वजनिक जीवनातून निवृत्ती". मधली गोदी गायब. गोदी कामगारांनी संप केला, फाटक अडवलं, धान्याची जहाजं बाहेर खोळंबली. आणि संपातून वर आलेल्या बाईच्या राज्यात संपकऱ्यांवर गोळ्या चालल्या. माणसं मेली. तू तिथे होतास. तुझा मित्र तिथेच पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू रांगेत येऊन बसलास. शर्टावर डाग होते. लोक तुला पुढे जा म्हणत होते, तू गेला नाहीस. तुझा नंबर आला. तू बसलाही नाहीस, समोर उभा राहून बोललास. अंगणभर ऐकू जाईल असं. तिला खुनी म्हणालास. तिने ऐकलं. मग तिने तुला पाण्याचा पेला भरून दिला आणि म्हणाली, "आता पुन्हा सांग."

तू पेला घेतला नाहीस. "सगळ्यांसारखंच मलाही?" एवढं म्हणून निघून गेलास. त्याच आठवड्यात देश सोडलास.

पुढचं तुला माहीत नाही. मी तांब्या घेऊन तिच्या मागेच उभी होते. तुझ्यानंतर एक माणूस बसायला पुढे झाला, तिने हाताने थांबवलं. तुझा पेला तसाच तिच्या हातात होता. तिने तो स्वतः प्यायला. सगळा. आणि मग रिकाम्या जागेकडे, तू उभा होतास तिकडे बघून हळूच म्हणाली, "फाटक उघडायला मी सांगितलं. काहीही करून उघडा, असं मी म्हटलं."

दुसऱ्या दिवशी संसदेत तिच्या हातात वेगळं भाषण होतं. काकांनीच लिहिलेलं. पोलीस प्रमुखावर ठपका, चौकशी, शोक, सगळं व्यवस्थित बेतलेलं. तिने कागद उलटा ठेवला आणि अंगणातलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. सरकार गेलं. ती पुन्हा कधी निवडून आली नाही. लोकांना वाटलं विरोधकांनी तिला कोंडीत पकडलं. तुलाही तसंच वाटलं, हो ना? बातम्यांत तसंच होतं.

तिला कोंडीत कुणी पकडलं नव्हतं. तुझं ऐकून तिने पुन्हा सांगितलं, इतकंच झालं होतं.

मी तिला किती वेळा म्हटलं, त्याला कळव. ती म्हणायची, "कळवलं की उपकार ठेवल्यासारखं होईल. त्याचं अजून पुन्हा सांगून झालेलं नाही. तो येईल तेव्हा मी आधी ऐकणार." तू आला नाहीस. ती गेली. मीही फोनवर सांगायचा प्रयत्न केला, दर वेळी तुला आवाज येईनासा झाला. ह्यात तुला दोष देत नाही. म्हणजे थोडा देते. पण तिलाही देते. स्वतःच्या मुलाला सगळ्यांसारखंच रांगेत बसवणं तिला मोठेपणा वाटायचा. मला तो कधीच तसा वाटला नाही. मला त्या सहलीच्या वेळी खासदाराच्या पुढे जायचं होतं.

तर अट अशी होती. शेवटची पाटी बदला. तिचं ते वाक्य लिहा, "फाटक उघडायला मी सांगितलं," आणि खाली मेलेल्या माणसांची नावं. त्यात तुझ्या मित्राचंही आहे. स्मारक उघडायच्या आदल्या दिवशी पाटी लागली. मी जाऊन हाताने चाचपून आले. अक्षरं पितळेची आहेत, सहज निघायची नाहीत.

माझ्या सहीवर आणि तू कळवलेल्या होकारावर स्मारक गेल्या आठवड्यात उघडलं, कागदावर तुझी सही तेवढी बाकी आहे. मंत्री येऊन गेले. शाळेची मुलं येतात आणि काचेसमोर बटण दाबत राहतात. "पाणी प्या. आता पुन्हा सांगा. पाणी प्या. आता पुन्हा सांगा." समोर बाक रिकामा. मला पहिल्या दिवशी रडू आलं, दुसऱ्या दिवशी हसू. काका बूट घालून येतात, मुलांना गप्प करतात आणि गोदीच्या पाटीसमोर आणून उभं करतात. काय सांगतात माहीत नाही, पण मुलं गप्प होतात खरी.

माझा रेक्झिनचा बाक पायरीशेजारी आला. पहिल्या सकाळी कुणी येतं की नाही म्हणून मी भरलेला तांब्या दोनदा ओतून पुन्हा भरला. बारक्या चणीचे एक गृहस्थ आले. माझ्या सहायिकेने त्यांना आत नेऊन खुर्चीत बसवलं, गळ्यात रुमाल बांधला, दिवा लावला. मी गेले तर बिचारे तोंड उघडून बसलेले. म्हटलं, "कुठे दुखतंय?" म्हणाले, "दुखत नाही हो, नळाला पाणी येत नाही." आता सहायिका आधी विचारते, "दात की तक्रार?" दोन्ही असलेलेही येतात.

तेव्हा सकाळ सुरू आहे. ती सुरूच राहणार. तू सही कर किंवा नको करू, बाक लाकडाचा असो की रेक्झिनचा, मी बसणार. थकले तर दुसरं कुणी बसेल. परवा मोतीबिंदू काढलेले आजोबा मला यायला उशीर झाला तेव्हा डाव्या टोकाला बसून लोकांना पाणी देत होते. भलतेच खुशीत होते. त्यांना आता बसचे नंबर दिसतात आणि ते सगळ्यांना वाचून दाखवतात.

आता माझंच पुन्हा सांगते. पहिल्या पत्रात मी सांगितलं, सही करू नकोस, बाक द्यायचा नाही, घर द्यायचं नाही. घाबरलेली होते म्हणून तो नंबर चुकला होता. घर गेलं की तुझ्या इकडे येण्याचं शेवटचं कारण गेलं, असं मला वाटत होतं. आई नाही, घर नाही, मग तू कशाला येशील? बाकासाठी मी जगाशी भांडले असते, पण पत्र मी तुला लिहिलं ते बाकासाठी नव्हतं.

तू घरी ये. मला माझा भाऊ हवा आहे.

सही पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझी
ताई


२ मे

(हे पोस्टात टाकत नाही. माझ्या घराच्या दारावर चिकटवून ठेवतेय. किल्ली खालच्या इस्त्रीवाल्याकडे आहे.)

घुम्या,

तुझं कार्ड मिळालं. पुन्हा एकच ओळ, पण ह्या वेळी कशी छान. "शनिवारी सकाळी पोचतो." मी ती भाऊजींना इतक्या वेळा वाचून दाखवली की ते म्हणाले, आता मी तबला वाजवतो.

विमानतळावर आले नाही म्हणून रागावू नकोस. शनिवारी सकाळी मी बाकावर असते आणि त्या दिवशी रांग मोठी असते, माझ्याच्याने उठवत नाही. आईची मुलगी आहे, काय करू? भात झाकून ठेवलाय. अंघोळ कर, खा आणि मग दवाखान्याकडे चालत ये. चौक ओलांडला की इस्पितळाच्या अलीकडे, हिरवं शटर.

मी आईसारखं करणार नाही. तू दिसलास की रांगेतल्या सगळ्यांना सांगणार आहे की हा माझा भाऊ आहे, ह्याला पुढे येऊ द्या. ओरडू देत ओरडायचं तर. उजवीकडची जागा तुझी. समोर उभा राहू नकोस, शेजारी बस.

जे पहिल्यांदा सांगितलंस ते तिने ऐकलं होतं. ते परत सांगायची गरज नाही. पेला भरून ठेवलाय. तो घे, सगळं पाणी पी, घाई करू नकोस.

मग पुन्हा सांग. मी ऐकायला बसले आहे.